तिळाचे ‘बटर’ आणि घरची मर्यादा

बाटलीवर ‘बटर’ हा शब्द दिसताच घरातील वडीलधाऱ्यांचा हात थबकतो. लोणी आणि मध यांची गणना महाविगईंत होते. त्यांचा आजन्म त्याग केलेल्यांची ही शंका रास्तच आहे. तिळाच्या बटरचा लोण्याशी संबंध केवळ नावापुरता असतो. परंतु काही तयार बाटल्यांत गोडीसाठी मध मिसळलेला आढळतो. घरी केल्यास ही शंकाच उरत नाही.

पाव किलो पांढरे तीळ निवडून मंद आचेवर सतत हलवत भाजावेत. तडतडून खमंग वास सुटताच उतरवावेत. अधिक भाजल्यास कडवटपणा येतो. कोमट झाल्यावर मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटावेत. आधी कूट होते, मग गोळा बनतो आणि अखेरीस तेल सुटून लगदा सैल होतो. तिळात सुमारे निम्मे तेलच असते. संयम तेवढा हवा. पाण्याचा थेंबही पडू देऊ नये, अन्यथा लगदा घट्ट होऊन लवकर बिघडतो. कोरड्या काचेच्या बरणीत भरून कोरड्या चमच्यानेच घ्यावा.

श्वेतांबर परंपरेतील अनेक कुटुंबे फाल्गुन चौमासीपासून कार्तिक चौमासीपर्यंत तीळ वर्ज्य मानतात. त्यामुळे बरणी लहानच भरावी. शिल्लक मालाचा हिशेब व्यापाऱ्याच्या घराला शिकवावा लागत नाही. फाल्गुन चौमासीच्या आदल्या दिवशी ही शिल्लक शून्य असावी.

आणि एवढे करूनही ज्यांच्या मनाला ते नाव खटकेल, त्यांना आग्रह करू नये. त्यागाचा मान चवीहून मोठा आहे.