उसाच्या चिपाडातली ऊर्जा

जुन्नर तालुक्यातील पिंपळवंडीच्या आसपासचा ऊस ज्या कारखान्यांत गाळला जातो, त्यांपैकी निवृत्तीनगरचा श्री विघ्नहर आणि शेजारच्या आंबेगाव तालुक्यातील पारगावचा भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांचे सहवीजनिर्मिती प्रकल्प, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि प्रक्रियेची वाफ दोन्ही मिळवणारी व्यवस्था, शाश्वत उत्पादनाचे उत्तम उदाहरण ठरतात. एक टन ऊस गाळल्यावर सुमारे २८० ते ३०० किलो बगॅस, म्हणजे रस काढून उरलेले चिपाड, मिळते. शेवटच्या गिरणीतून बाहेर पडताना त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पाणीच असतो, त्यामुळे जळताना बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच खर्ची पडते. या चिपाडावर बॉयलरमध्ये तयार झालेली उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर तीच रस आटवण्यासाठी वापरली जाते. रस आटवणाऱ्या भांड्यांची मालिका अशी जोडलेली असते की एका भांड्यातून निघालेली वाफ पुढच्या, कमी दाबाच्या भांड्याला तापवते. वाफेची खरी बचत येथेच होते, आणि वाचलेले चिपाड विजेसाठी उरते. रस निवळताना निघणारी मळी सेंद्रिय खत म्हणून पुन्हा रानात जाते.

मात्र तोडणीनंतर शेतात पाचट पेटवले, तर कारखान्यातील काटकसर अपुरी ठरते. म्हणून ऊस उत्पादकांनी पाचट न जाळता कुट्टी करून सरीतच कुजवावे.