जुन्या आयुष्यास मूठमाती
सन 57 च्या सुमारास रोमच्या मंडळीस धाडलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलाने बाप्तिस्म्याचा जो अर्थ सांगितला, तो केवळ शुद्धिस्नानाचा नसून ख्रिस्ताबरोबर मरून पुरले जाण्याचा आहे. म्हणूनच आद्य ख्रिस्ती काळी दीक्षार्थी वस्त्रे उतरवून पाण्यात उतरे तो जुन्या आयुष्यास मूठमाती देण्यासाठी, आणि हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा जन्मदिन मानला जाई.

अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी ज्यांचे नाव कायमचे निगडित झाले, त्या नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस बाप्तिस्म्याची दीक्षा घेतली, तेव्हा जुन्या आयुष्यास अशीच मूठमाती देताना ते कित्येक आप्तेष्टांस जिवंतपणीच अंतरले. 1919 साली ते वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दहन झाले. मंडळीत दफनाचाच रिवाज असता हा निर्णय मोठ्या श्रद्धेचा होता, असे आम्हांस वाटते.