गढूळ पाण्यातली दिशा
पावसाळ्यात वैनगंगा गाळ घेऊन येते आणि पवनीजवळचा गोसीखुर्द जलाशय गढूळतो. अशा पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्याची दिशेसाठी सारी भिस्त होकायंत्रावर. ते छातीसमोर अगदी आडवं धरायचं. कललं की तबकडी अडकते. ४० अंशांवर गेलात, तर परतीची दिशा २२०. लोखंडी सिलिंडरजवळ मात्र ते हमखास फसवतं. खोलीमापक बहुधा समुद्राच्या पाण्यासाठी आखलेला असतो. नदीचं पाणी हलकं, म्हणून तो खोली साधारण तीन टक्के कमी दाखवतो. सगळ्यांत मोलाचा दाबमापक, कारण सिलिंडरमध्ये हवा किती उरली हे तोच सांगतो. त्याच्याकडे वारंवार पाहा. काटा ५० बारवर येईल तेव्हा तुम्ही पाण्याबाहेर असलंच पाहिजे.