आयक्यू ७० की ७१? एका आकड्यावर अडकला होता माणसाचा जीव

'माझा आयक्यू १३०!' असे स्क्रीनशॉट सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतात. अमेरिकेत मात्र याच आकड्यावर एका माणसाचा जीव टांगणीला लागला होता.

फ्लोरिडात १९७८ सालच्या एका खुनासाठी फ्रेडी ली हॉलला मृत्युदंड झाला होता. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मृत्युदंड देता येणार नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. पण आयक्यू ७० किंवा त्याहून कमी असेल तरच पुढचे पुरावे बघायचे, असा फ्लोरिडाचा नियम होता. हॉलचा आयक्यू होता ७१.

हा आकडा येतो कुठून?

१९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये ३० प्रश्नांची चाचणी तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जास्त मदत हवी, हे त्यांना शोधायचं होतं. पट्टीने लांबी मोजावी तशी बुद्धी मोजता येत नाही, असं बिने यांचं मत होतं. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागायची कल्पना मांडली आणि 'आयक्यू' आला.

आज तुमची तुलना तुमच्याच वयोगटाशी होते. सरासरी १०० धरली जाते आणि सुमारे ६८ टक्के लोक ८५ ते ११५ मध्ये येतात.

मग अडचण काय?

चाचणीत शब्दज्ञान, तर्क, स्मरणशक्ती, वेग या गोष्टी तपासतात. तोच माणूस पुन्हा चाचणीला बसला तर आकडा थोडा बदलू शकतो. त्यामुळे ७१ म्हणजे साधारण ६६ ते ७६ च्या दरम्यान, असं तज्ज्ञ धरतात. शिवाय बौद्धिक अक्षमता ठरवताना पैशांचे व्यवहार, स्वतःची काळजी, लोकांशी संवाद हे रोजच्या जगण्यात जमतं का आणि अडचण लहानपणापासून आहे का, हेही पाहावं लागतं.

नेमकं हेच मान्य करत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी फ्लोरिडाचा नियम रद्द केला. २०१६ मध्ये हॉलचा मृत्युदंडही रद्द झाला.

म्हणून एखाद्या मुलाचा आयक्यू कमी आला, तर त्याला 'ढ' ठरवण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना विचारा: त्याला मदत नेमकी कशात हवी आहे? बिने यांची चाचणी त्यासाठीच होती.