शेळ्यांतील जंतांचा हिशेब

पावसाळा लागला की तानसा खोऱ्यात आणि मुरबाडच्या डोंगरपट्टीत शेळ्यांना जंतांचा उपद्रव वाढतो. कळपातील एक-दोन शेळ्या खंगल्या म्हणजे पुष्कळ ठिकाणी सरसकट सर्वांना औषध पाजले जाते. वरवर पाहता हे शहाणपणाचे वाटते. हिशेब मांडल्यास मात्र त्यातील तोटा दिसून येतो.

या जंतांपैकी सर्वांत घातक तो हिमाँकस होय. तो शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त शोषतो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिलिलिटर रक्त घेतो. म्हणजे ८०० जंत असल्यास दररोज ४० मिलिलिटर रक्त जाते. मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. लेंड्यांबरोबर पडलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या ओलसर उबेत आठवडाभरात गवतावर चढतात, आणि चरणाऱ्या शेळीच्या पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत त्यांचे अंडी घालणारे जंत होतात. बहुतेक अंडी व अळ्या वाटेतच मरतात. एका मादीमागे सरासरी एकीहून अधिक मादी जगली तरच जंत वाढतात, एरवी घटतात. रोगाचा असा हिशेब रोनाल्ड रॉस यांनी हिवतापासाठी मांडला होता. १८९७ साली सिकंदराबादेस त्यांना डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू सापडले. पुढे त्यांनी गणिताने दाखविले की, रोग हटविण्यास प्रत्येक डास मारावा लागत नाही. डासांची संख्या ठराविक मर्यादेखाली आणली तरी पुरते.

जंत सर्व शेळ्यांत सारखे वाटलेले नसतात, ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. थोड्या जनावरांत पुष्कळ व पुष्कळांत थोडे, अशी ही वाटणी क्रॉफ्टन यांनी १९७१ साली गणितात बसविली. १९७८ मध्ये अँडरसन व मे यांनी तो विचार पुढे नेला.

समजा, दहा शेळ्यांत मिळून १,००० जंत आहेत. त्यांपैकी ८०० दोघींत आणि २०० उरलेल्या आठ जणींत. औषधाने शंभरातील ९५ जंत मरतात असे धरू. सर्वांना पाजल्यास ५० जंत उरतील, पण ते सर्व औषधाला पुरून उरलेले! पुढची पिढी त्यांचीच, आणि दोन-चार वर्षांत तेच औषध निरुपयोगी होण्याचा धोका. फक्त त्या दोघींना पाजल्यास २४० उरतील. त्यांपैकी औषधाला दाद न देणारे ४०. बाकीच्या २०० जंतांनी औषध पाहिलेलेच नसते, म्हणून त्यांच्या संततीवर ते पुढेही लागू पडते. खर्चही पाचपटीने कमी.

त्या दोन शेळ्या ओळखाव्यात कशा? दक्षिण आफ्रिकेत मेंढ्यांसाठी रूढ झालेली रीत शेळ्यांनाही उपयोगी आहे. दिवसाच्या उजेडात खालची पापणी अलगद ओढून आतील रंग पाहावा. तो लाल असल्यास औषध नको. फिकट पांढरट असल्यास, किंवा जबड्याखाली सूज असल्यास, त्याच दिवशी द्यावे. पावसाळ्यात ही पाहणी दर पंधरवड्यास करावी. करडांची व गाभण शेळ्यांची अधिक दक्षतेने करावी. गोचिडांनी व यकृतातील चपट्या कृमींनीही पापणी फिकट पडते. यास्तव औषधाने गुण न आल्यास ताज्या लेंड्या स्वच्छ डबीत घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्याव्यात.