कोच तोच, फंडा तोच... मग पाच गोल कसे?

२९ मार्च २०२५. शनिवारची रात्र, दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. काल्हेरच्या आमच्या घरात आई साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाची डहाळी जागेवर ठेवत होती आणि हॉलमध्ये आम्ही पाच जण टीव्हीसमोर तोंडं पाडून बसलो होतो. बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर आपली मुंबई सिटी एफसी आयएसएलची नॉकआउट मॅच खेळत होती. खेळत कसली, मार खात होती. ५-०!

पाचवा गोल कुणाचा, तर होर्हे पेरेरा डियाझचा. म्हणजे ज्यानं अकरा महिन्यांपूर्वी, ४ मे २०२४ ला, कोलकात्याच्या फायनलमध्ये मोहन बागानविरुद्ध आपल्याकडून बरोबरीचा गोल मारला होता, त्याच माणसाचा. ती मॅच आपण ३-१ नं जिंकलो होतो आणि याच हॉलमध्ये आम्ही इतका राडा केला होता की खालच्या मजल्यावरचे काका वर आले होते.

आता मात्र सन्नाटा. मग कुणीतरी रिमोट सोफ्यावर आपटला आणि खरी मॅच सुरू झाली.

‘‘कोचला हाकला!’’

‘‘कोच काय करणार? माणसं कुठायत?’’

दोस्तहो, फुटबॉलवेड्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर हे दोन पक्ष असतातच. पहिला पक्ष म्हणतो, हातात जी टीम आहे तिला झेपेल असाच खेळ कोचनं बसवावा. दुसरा म्हणतो, कोचला त्याच्या स्टाइलनं खेळू द्या, माणसं त्याला हवी तशी आणून द्या. आमच्यात पहिल्या पक्षाचा पुढारी म्हणजे ग्रुपमधला युनायटेडवाला. त्या सीझनला मँचेस्टर युनायटेडमध्ये रुबेन आमोरिमनं आल्या आल्या तीन डिफेंडरांचा डाव लावला होता आणि टीम गडगडत होती (शेवटी पंधरावी आली). त्यामुळे बिचारा आधीच भाजलेला. दुसऱ्या पक्षाची पुढारी मी. आणि माझं त्यामागं एक खासगी कारण होतं. ते पुढं सांगते.

आधी आपल्या टीमचा फंडा समजून घेऊ. मुंबई सिटी म्हटलं की बॉल जमिनीवर. गोलकीपरनं लांब किक हाणायची नाही, जवळच्या डिफेंडरला द्यायचा, तिथून मिडफिल्डला, तिथून विंगला. बॉल गेला की लगेच पुढं धावून तो परत मिळवायचा. बघायला सॉलिड! पण मधल्या माणसाचा एक पास चुकला की समोर थेट आपला गोल. म्हणजे सगळी भिस्त त्या मधल्या माणसावर.

ही स्टाइल आपल्याकडं रुजली ती २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा आल्यावर. त्याच्या आदल्या वर्षी सिटी फुटबॉल ग्रुपनं क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता. पण लोबेरा एकटा आला नाही. एफसी गोवातले त्याचे जुने गडी, अहमद जाहू, मुर्तदा फाल, ह्यूगो बुमू, मंदार राव देसाई, तेही मुंबईत आले. मिडफिल्डमधून खेळ चालवणारा जाहू म्हणजे त्या सिस्टिमचा मेंदूच. पहिल्याच सीझनला लीग शील्ड आणि ट्रॉफी दोन्ही मिळाल्या. १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल आठवतोय ना? पुढं २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला गेला, तर जाहू आणि फाल तिथंही हजर! सुतार साइट बदलतो तेव्हा आपला रंधा मागं ठेवून जातो का?

लोबेरानंतर डेस बकिंगहॅम. त्यानं स्टाइल फार बदलली नाही, पण पहिल्या सीझनला टीम पाचवी आली आणि प्लेऑफ हुकले. तेव्हाही ‘हाकला’ झालंच होतं. क्लबनं हाकललं नाही. २०२२-२३ मध्ये त्याच माणसानं पहिल्या १८ मॅच न हरता, ४६ पॉइंट्सनिशी शील्ड आणली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये तो इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला आणि डिसेंबरमध्ये पेट्र क्रॅटकी आला. सीझन अर्धवट, टीम दुसऱ्यानं बांधलेली, वर जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट सोडून गेलेला. तरी ४७ पॉइंट्स, लीगमध्ये दुसरा नंबर आणि ट्रॉफी.

‘‘बघ! दुसऱ्याच्या टीमला सूट होईल असं खेळवलं ना त्यानं?’’ युनायटेडवाला म्हणाला.

मी म्हटलं, ‘‘सूट करायला काय होतं? ती टीम त्याच स्टाइलसाठी आणलेली होती.’’

मग त्या उन्हाळ्यात टीमची शिलाईच उसवली. मिडफिल्डचा कणा अपुइया मोहन बागानला गेला. राहुल भेके, अल्बर्टो नोगेरा आणि डियाझ, तिघंही बंगळुरूला. इकडं निकोस करेलिस, योएल व्हान निफ, ब्रँडन फर्नांडिस असे नवे आले. यातलं कुणी टाकाऊ नव्हतं. छांगते, बिपिन होतेच. पण ४७ चे ३६ पॉइंट्स झाले, दुसऱ्याचा सहावा नंबर झाला, आणि मग ते पाच गोल. कोच तोच, फंडा तोच. बदलली ती माणसं.

मी जिंकल्यासारखी सोफ्यावर रेलले. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेला माझा मावसभाऊ बोलला. दादा गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे, फुटबॉल आमच्यामुळं बघतो.

‘‘काय गो, आचारी बिर्याणीचा बोलवायचा आणि हातात भाकरीचं पीठ द्यायचं, ही चूक आचाऱ्याची नाय, मान्य. पण पीठ समोर दिसतंय तरी त्यानं बिर्याणीच करायला घेतली, तर?’’

आणि माझी बोलती बंद.

कारण आता ते खासगी कारण. मी काल्हेरमधल्याच एका लॉजिस्टिक्स कंपनीत टीम लीड आहे. त्या वर्षीच मला नवी टीम मिळाली होती, माझ्या आधीच्या लीडनं बांधलेली. तिचा सगळा कारभार फोनवर. मी आले आणि स्कॅनर, डॅशबोर्ड, सकाळची मीटिंग, सगळं लावलं. डिस्पॅचला एक पन्नाशीचे काका आहेत. स्कॅनरवर त्यांची बोटं अडखळतात, एंट्र्या राहतात. ३१ मार्चला अप्रेझल भरायचं होतं आणि त्यांच्या नावापुढं मी सर्वांत खालचा शेरा लिहून ठेवला होता. फक्त सबमिट करायचं बाकी होतं. त्या शेऱ्यावर त्यांची पगारवाढ गेली असती, कदाचित नोकरीही. आणि मी मात्र ‘कोचला माणसं त्याच्या मनासारखी द्या’ म्हणून घसा कोरडा करत होते!

पेप गार्डिओलाचं उदाहरण आपण सगळेच देतो. मँचेस्टर सिटीत त्याचं पहिलं वर्ष, २०१६-१७, एकही ट्रॉफी नाही. मग एडरसन आणि तीन नवे फुलबॅक आले आणि पुढच्या सीझनला १०० पॉइंट्स. पण तेवढा पैसा किती कोचांकडं असतो? आणि किती टीम लीडकडं?

रविवारी गुढी उभी केली आणि दुपारी लॅपटॉप उघडला. स्कॅनर काढला नाही. सिस्टिम मला पटते, आजही. पण काकांना भिवंडीपासून नाशिकपर्यंतचे ट्रान्सपोर्टवाले आवाजावरून ओळखतात. कशेळीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलं की कुठली गाडी कुठून वळवायची, हे डॅशबोर्डला नाही, त्यांना कळतं. मी शेरा बदलला आणि त्यांना गाड्यांच्या डेस्कवर घेतलं. स्कॅनिंगला एक पोरगी आली. एंट्र्या अजूनही कधी कधी राहतात. पण गाड्या वेळेवर सुटतात.

वाद मात्र मिटलेला नाही. मिटूही नये. काल्हेरहून अंधेरीला मॅचला जायचं म्हणजे कशेळीचा पूल, बाळकुम नाका, ठाणे स्टेशन, घाटकोपर आणि मेट्रोनं आझाद नगर. एवढ्या प्रवासात भांडायला विषय नको? फक्त हल्ली कुणी ‘कोचला हाकला’ म्हटलं की मी आधी दोन प्रश्न विचारते. टीम कुणी निवडली? आणि समोर काय आहे ते कोचनं बघितलं का?

दुसरा प्रश्न विचारताना दादा माझ्याकडं बघून हसतो. हसू दे.