डिगर वर यायला इतका वेळ का लागतो?

सौंसर-पांढुर्णा भागात मे महिना कुंपणाचा. संत्र्याची नवी बाग असो की मक्का-भुईमुगाचं वावर, पावसाआधी खांब उभे राहिले तर राहिले. एकदा काळी माती ओली झाली की ट्रॅक्टर आत घालायची सोय नाही. रानडुकरं आणि रोही मात्र चिखलाला अडत नाहीत. कुंपण अर्धवट राहिलं की काही जणांना रात्री तारेत वीज सोडायचा मोह होतो. तो कायद्याने गुन्हा आहेच, आणि त्या तारेला डुकराऐवजी शेजारचा माणूस चिकटू शकतो. म्हणून खांब वेळेत उभे राहणं ही साधी गोष्ट नाही.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात लाकडी खांब सरळ जमिनीत ठोकतात. ट्रॅक्टरला लावलेलं यंत्र हायड्रॉलिकच्या जोरावर एक जड वजन वर नेतं आणि खांबाच्या डोक्यावर सोडतं. आपल्याकडे बहुतेक खांब सिमेंटचे. त्यांच्या डोक्यावर असा घण घातला तर खांबच फुटेल. म्हणून इथे चालतो तो पोस्ट होल डिगर, म्हणजे ट्रॅक्टरच्या पीटीओवर फिरणारं भलंमोठं गिरमिट. फिरवायची ताकद पीटीओची, पण वर-खाली करायचं काम ट्रॅक्टरच्या लिफ्टचं. यंत्रं वेगळी असली तरी दोघांचं दुखणं सारखंच: हायड्रॉलिक सुस्तावलं की सगळं काम सुस्तावतं.

किती सुस्तावतं, ते बघा. पाच एकरांच्या चौकोनी शेताचा घेर साधारण ५७० मीटर भरतो. दर ३ मीटरला एक धरला तर १९० खांब. प्रत्येक खड्ड्यात माती झाडायला गिरमिट चारेक वेळा वर घ्यावं लागतं. दर वेळी ३ सेकंदांऐवजी १५ सेकंद लागले तर अडीच तास निव्वळ वाट बघण्यात जातात. डिगर तासाच्या भाड्याने आणलेला असतो आणि डिझेल जळत असतं ते वेगळंच.

मागच्या उन्हाळ्यात मोहगावहून मामांचा फोन आला. (अर्धनारीश्वराच्या मंदिराचं मोहगाव, सौंसर तालुक्यातलं. २०२३पासून जिल्हा पांढुर्णा, तरी आमच्या तोंडी अजून छिंदवाडाच येतं.) मामा म्हणाले, "डिगर वरच नाही येऊन रायला लवकर. मिस्त्री म्हनते पंप गेला. तू सांग बा, काय करू?" मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, ट्रॅक्टर नाही. पण बिघाड शोधायची रीत दोन्हीकडे सारखीच असते. काहीही उघडायच्या आधी तो नेमका कधी होतो आणि कधी होत नाही ते बघायचं. पंप हा सगळ्यांत महाग अंदाज होता, तो शेवटी ठेवायला हवा होता.

हायड्रॉलिकमध्ये सुस्त आणि अशक्त हे दोन वेगळे आजार आहेत. वेग ठरतो मिनिटाला किती लिटर तेल येतं त्यावर. ताकद ठरते तेलाच्या दाबावर. वजन उचलतच नाही, अर्ध्यात अडतं, पण रिकाम्या लिफ्टला काही होत नाही, तर दाबाकडे बघायचं. रिकामी लिफ्टसुद्धा रडत-रडत वर येत असेल तर तेल पुरेसं पोचत नाही. हा फरक माहीत नसला की एक ठरलेला उद्योग होतो: रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू आवळायचा. दाब वाढतो, वेग तसाच राहतो, आणि एखाद दिवशी पाइप किंवा सील फुटतं. तो स्क्रू दाबाचं मीटर लावल्याशिवाय कोणालाही फिरवू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असला तरी.

मामांना मी डिगर काढून रिकाम्या लिफ्टचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. मोबाइलच्या घड्याळावर १४ सेकंद. म्हणजे प्रश्न वेगाचा. मग विचारलं, रेस किती ठेवता? हा प्रश्न बावळट वाटतो, पण गिअर पंप दर फेऱ्याला ठरावीकच तेल ढकलतो. २००० फेऱ्यांना २० लिटर देणारा पंप ८०० फेऱ्यांना ८ लिटरच देणार. डिगर चालवताना गिरमिट सावकाश फिरावं म्हणून रेस कमी ठेवतात आणि त्याच रेसवर लिफ्टही उचलतात. अशा वेळी बिघाड काहीच नसतो. काही जुन्या रचनेच्या ट्रॅक्टरांत तर क्लच दाबला की पंपच थांबतो. सीटखालचा गोल नॉबही लोक उगाच फिरवतात. बहुतेक ट्रॅक्टरांत तो खाली येण्याचा वेग ठरवतो, वर जाण्याचा नाही.

मामांनी रेस वाढवली. लिफ्टचा वेग तेवढाच राहिला, उलट पंपातून कण्हल्यासारखा बारीक आवाज यायला लागला. खरी खूण इथे मिळाली. पंप झिजला असता तर रेस वाढवल्यावर थोडा तरी फरक पडला असता, आणि दुपारी तेल तापून पातळ झाल्यावर लिफ्ट आणखी मंद झाली असती, कारण पातळ तेल झिजलेल्या फटींतून मागे निसटतं. मामांचं नेमकं उलटं होतं: सकाळी जास्त त्रास, दुपारी जरा बरं. दाट लस्सी बारीक नळीने ओढून बघा. जितक्या जोराने ओढाल तितके गाल आत जातात, लस्सी काही जास्त येत नाही. पंपाचंही तेच झालं होतं. त्याला तेल ओढायलाच मिळत नव्हतं.

मग डिपस्टिक. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शियल आणि हायड्रॉलिकचं तेल एकच असतं. पातळी कमी असली की चढावर पंप हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ट्रॅक्टर पावसात उघड्यावर उभा असला तर गिअर लीव्हरच्या फाटक्या रबरातूनही पाणी आत जातं. मामांच्या तेलाची पातळी बरोबर होती, रंग मात्र काळपट. तेल बदललं कधी, यावर मामी मागून म्हणाल्या, "ट्रॅक्टर घेतला तवाच असन."

शेवटी सक्शनची जाळी काढली. तिच्यावर राखाडी लगद्याचा थर आणि जुन्या गॅस्केटचे तुकडे. जाळी डिझेलमध्ये धुतली, कापसाच्या बोळ्याने पुसू दिली नाही, कारण त्याचे धागे पुन्हा पंपात जातात. चुंबकावरची काळी बारीक पेस्ट रोजच्या झिजेची असते, तिचं काही नाही. चकचकीत पापुद्रे सापडले असते तर गिअर किंवा बेअरिंगची काळजी करावी लागली असती. नवं तेल, नवी ओ-रिंग, आणि रिकामी लिफ्ट ४ सेकंदांत वर. पंप जुनाच आहे.

एक तपासणी राहिलीच. डिगर वर घ्या आणि इंजिन बंद करा. तो आपोआप खाली उतरायला लागला तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळतोय. ही तपासणी करताना डिगरखाली कोणी नको, आणि काही उघडायच्या आधी तो जमिनीवर टेकलेला हवा. हायड्रॉलिकचा दाब १५०-२०० बारपर्यंत जातो. कारच्या टायरात दोनेक बार असतो. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, पण तातडीने ऑपरेशन करावं लागतं. गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठा धरायचा. फिरत्या पीटीओजवळ गळ्यात दुपट्टा नको, हे मामांना दर वेळी सांगावं लागतं.

घरून असा फोन आला तर पाच गोष्टी विचारा: रिकाम्या लिफ्टला किती सेकंद, रेस वाढवल्यावर फरक पडतो का, सकाळी जास्त त्रास की दुपारी, तेलाचा रंग कसा, आणि बंद केल्यावर खाली उतरतो का. तेल बदललंच तर लिफ्ट दहा-पंधरा वेळा वर-खाली करायला लावा, म्हणजे अडकलेली हवा निघेल. मग डिपस्टिक पुन्हा बघा. पातळी बहुधा थोडी उतरलेली असते, आणि डबा तोवर कोणीतरी आत ठेवून दिलेला असतो.